समुद्र उघडंना

आमच्या परभणीला समुद्र नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून सांगतो खरं, पण त्यातही समुद्र कुठं येत नाही. अख्ख्या मराठवाड्यात सागर म्हणून जो काय आहे तो पैठणचा नाथसागर, अन् तोही धरणाचा. खरा समुद्र बघायचा तर रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये अंग चेपून घ्यायचं, तेव्हा कुठं मुंबई. अशा गावातला मी भूगोलाचा मास्तर, भर मे महिन्यात चार दिवस समुद्र उघडत बसलो होतो.

निमित्त सोयाबीनच्या बियाण्याचं. पिशव्या आत्ताच घ्याव्यात की थांबावं, यावर घरात खल चालला होता, तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'यंदा अल निनो' असा निरोप येऊन थडकला. आबांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"मास्तर, तू भूगोल शिकवतूस ना पोरांना?"

"हो."

"मग त्यो अल निनो हाय का न्हाई ते बघून सांग की. लोकाचं कशाला ऐकायचं?"

हा आला की आपला पाऊस बहुधा हात आखडतो, म्हणून आबांचा या पाहुण्यावर राग आहे. २०१५ साली हाच आला होता, अन् पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२३ साली पुन्हा आला, तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला. उलट १९९७ साली चांगला दांडगा अल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीला टेकला होता. म्हणजे पाहुणा आला की जेवण कमी पडतंच असं नाही. पण आलाय का, हे तरी कळायला नको?

तो बसतो प्रशांत महासागरात. विषुववृत्ताच्या खाली-वर पाच-पाच अंश, अन् पश्चिम रेखांश १७० ते १२०, एवढ्या चौकोनातलं पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश तापलं आणि काही महिने तापलेलंच राहिलं, की अल निनो. पुण्यात इंजिनिअरिंग करणारा भाचा म्हणाला, "मामा, सोपंय. उपग्रह, जहाजं आणि समुद्रात तरंगत ठेवलेल्या बोयांकडून मिळालेलं तापमान एकत्र करून अमेरिकेचे लोक रोजची एक फाइल फुकट ठेवतात. १९८१ च्या सप्टेंबरपासूनची आहे. उतरवा आणि बघा."

उतरवली. बघायची राहिली.

शाळेच्या एका प्रकल्पासाठी चित्रांचं विश्लेषण करणारं एक सॉफ्टवेअर मी घेऊन ठेवलं होतं. त्यात ही फाइल टाकली. फाइलच्या नावाचं शेपूट होतं 'एनसी'. आमच्याकडं एनसी म्हणजे पोलीस ठाण्यात लिहून घेतात ती. लिहून घेतात, अन् पुढं काही करत नाहीत. सॉफ्टवेअरनंही तेच केलं. अदखलपात्र. मग मी ते शेपूट तोडून 'जेपीजी' लावलं. गाढवाला झूल घातली म्हणून पोळ्याच्या मिरवणुकीत कोण घेतं? नाहीच घेतलं.

भाच्यानं एक प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला लावायचं ठिगळ, पाठवलं. ते घातल्यावर चित्र नाही, नुसती यादी आली. तिच्यात मला 'ईआरआर' एवढंच दिसलं. म्हणलं, एरर आला. खिडकी बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा ईआरआर. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, देवाला उदबत्ती लावली, पुन्हा तेच. रात्री नऊला भाच्याला फोन.

"मामा, ती फाइल म्हणजे आजीचा मसाल्याचा डबा आहे. त्यात चार वाट्या. एकीत तापमान, एकीत ते नेहमीपेक्षा किती कमी-जास्त, एकीत बर्फ, आणि एकीत आकड्यात किती चूक असू शकते त्याचा अंदाज. त्या वाटीचं नाव ईआरआर!"

दिवसभर मी मोहरीच्या वाटीला घाबरून डबा मिटत होतो.

तापमानाच्या वाटीवर टिचकी मारली, तर प्लगइनच गारठलं. मग मी कच्ची फाइल थेट उघडायची वाट धरली. तिथं सॉफ्टवेअर पासपोर्टला विचारावी तशी माहिती विचारतं. रुंदी? १४४०. उंची? ७२०. पाव-पाव अंशाचे चौकोन, सगळे मिळून दहा लाख छत्तीस हजार आठशे. भरलं. पडद्यावर मुंग्या! अँटेना हलल्यावर दूरदर्शनवर यायच्या, अगदी तश्शा. भाचा म्हणाला, आतला माल दाबून बांधलेला आहे, गाठ सोडल्याबिगर कसा दिसंल? (पोरगा पुण्याला गेला तरी वैतागला की परभणीवर येतो.) त्यानं चार ओळींचा प्रोग्राम लिहून माल मोकळा केला अन् परत पाठवला.

आता त्या अर्जातला एक चौकोन राहिला होता. 'लिटल एंडियन' असं लिहिलेलं. मी ते 'लिटल इंडियन' वाचलं. म्हणलं, हे काय विचारणं झालं? आम्ही काय लिटल? स्वाभिमानानं खूण केली नाही.

चित्र आलं! पण प्रशांत महासागरावर काटा ठेवला तर आकडा ८७१५. भाच्यानं सांगितलं होतं की आकड्याला शंभरानं भागायचं. म्हणजे ८७.१५ अंश. मी आबांना हाक मारली.

"आबा, समुद्र सत्त्याऐंशी डिगरी!"

"मग आता चहापत्ती टाक," आबा म्हणाले अन् कूस बदलली.

ती खूण देशभक्तीची नव्हती. एका आकड्याचे दोन तुकडे असतात, त्यातला कोणता आधी वाचायचा, एवढंच ते विचारत होतं. मी उलटे वाचायला लावले होते. मुकाट्यानं लिटल झालो, तर त्याच जागी ८७१५ चे २८५० झाले. साडेअठ्ठावीस अंश. माणसात आला समुद्र.

चित्र मात्र खाली डोकं वर पाय. वर अंटार्क्टिका, खाली रशिया, अन् आपला भारत शीर्षासनात. ही फाइल दक्षिणेकडून भरायला घेतात अन् चित्राचं सॉफ्टवेअर वरून उतरतं. उलटं केल्यावर नकाशा जागेवर आला, तर जमीन सगळी पांढरीफटक. सहज परभणीवर काटा ठेवला. ६४५३७. शंभरानं भागलं, ६४५.३७ अंश.

खोटं कशाला बोलू, चार दिवसांत पहिल्यांदा ही फाइल मला खरी वाटली. बाहेर दुपारचे दोन वाजले होते, कूलर गरम हवा फेकत होता.

पण भाचा कसला ऐकतोय? त्याचं म्हणणं, मी उणे चिन्ह न मानणारा प्रकार निवडलाय. तो बदलला, अन् जमीन काळी झाली. परभणीच्या चौकोनात खरा आकडा उमटला: उणे ९९९.

तोवर आबा चहा घेऊन मागं येऊन उभे राहिले होते. मी त्यांना प्रशांतातला चौकोन दाखवला, कमी-जास्तची वाटी उघडून दाखवली, एका दिवसाच्या फाइलवर काही ठरत नाही, काही महिने बघावं लागतं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अन् आपलं परभणी कुठंय?"

मी काटा नेला.

"उणे नऊशे नव्व्याण्णव? हे काय?"

"इथं समुद्र नाही, म्हणून मोजलंच नाही. रिकामी जागा कळावी म्हणून तो आकडा टाकतात."

आबांनी बशीतला चहा संपवला. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागावी म्हणून त्यांनी आजवर किती चकरा मारल्यात, ते मला माहीत होतं.

"त्या अमेरिकेच्या सरकारचं नाव हाय का त्येच्यावर?"

"आहे की."

"मग ह्याची एक झेरॉक्स काढ. तलाठ्याला दाखवू."