प्रतिक्रियेला उत्तर : सहा विलाया की सहा जहागिऱ्या?

नमस्कार,

फ्रेंच सत्तेविरुद्ध लढलेल्या अल्जीरियाच्या मुक्तिसेनेवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा नकाशा काढून बसलो. म्हणून उत्तराला आठवडा लागला.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी विलायांच्या, म्हणजे मुक्तिसेनेने देशाचे जे लढाऊ प्रांत पाडले त्यांच्या, रचनेचं नको तेवढं कौतुक केलं, असा तुमचा आक्षेप आहे. तुमच्या मते त्या सहा जहागिऱ्या होत्या आणि प्रत्येक कर्नल आपल्या मुलखाचा सुभेदार. संकटात त्यांनी एकमेकांना हात दिला नाही, संशयापोटी स्वतःचीच माणसं मारली, आणि शेवटी देश हाती आला तो सीमेपलीकडे शिस्तीत उभ्या असलेल्या बूमेदियनच्या फौजेच्या. जाता जाता तुम्ही आमच्याकडच्या सरंजामदारांचाही दाखला दिलात. शिवाय, ‘पहिल्या दिवसापासून सहा विलाया होत्या’ हे माझं वाक्य चूक आहे, हेही दाखवलंत.

शेवटचं आधी. तिथे तुमचंच बरोबर. १ नोव्हेंबर १९५४ ला उठाव झाला तेव्हा विभाग पाचच होते आणि त्यांना विलाया म्हणत नव्हते, ‘मिन्तका’ म्हणत. ऑरेसचा डोंगराळ भाग, उत्तर कॉन्स्टंटाइन, कबीली, अल्जिअर्सच्या आसपासचा टापू आणि पश्चिमेला ओरान; पुढे विलायांना एक ते पाच नंबर मिळाले ते ह्याच क्रमाने. ऑगस्ट १९५६ मध्ये सूमामच्या खोऱ्यात बैठक झाली तिथे मिन्तकांच्या विलाया झाल्या, दक्षिणेकडची सहावी जोडली गेली, आणि मिन्तका हा शब्द एक पायरी खाली सरकून विलायेच्या पोटविभागाला मिळाला. त्याखाली नाहिया, त्याखाली कस्मा. हा शब्द खाली सरकल्यानेच मी घसरलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

(हे शब्द वाचताना मराठी माणसाची गंमत होते. विलाया म्हणजे आपल्या ‘विलायते’चंच मूळ, अर्थ नुसता प्रांत. आणि त्यांच्याकडे ‘फौज’ म्हणजे अकरा माणसांची तुकडी! तीन फौजा आणि वर दोन माणसं मिळून ३५ जणांची फिर्का, मग ११० जणांची कतीबा, ३५० जणांची फैलक. कागदावरचा फैलक डोंगरात क्वचितच पुरा भरायचा, ते सोडा.)

आता मुख्य भांडण. जहागीर कोणीतरी कोणाला तरी देतो. इथे देणाराच नव्हता. पाच विभागांचे पाच प्रमुख ठरले: ऑरेसला मुस्तफा बेन बुलाईद, उत्तर कॉन्स्टंटाइनला दीदूश मुराद, कबीलीला क्रीम बेल्कासेम, अल्जिअर्सच्या टापूला राबाह बितात, ओरानला लार्बी बेन म्हिदी. सहावा मोहम्मद बूदियाफ, सगळ्यांत मेळ घालण्यासाठी, आणि तो कैरोकडे निघून गेला. जानेवारीत पुन्हा भेटायचं ठरलं होतं. ती भेट झालीच नाही. १८ जानेवारी १९५५ ला दीदूश चकमकीत पडला, वय २७. फेब्रुवारीत बेन बुलाईद ट्युनिशिया-लिबियाच्या सीमेवर पकडला गेला. मार्चमध्ये बितात सापडला. पाच महिन्यांत पाचातले तीन गेले. वायरलेस नाही, शस्त्रं म्हणाल तर शिकारीच्या बंदुका आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उरल्यासुरल्या रायफली. अशा वेळी शेजारच्या विभागात काय चाललंय हे कळायलाच आठवडे लागत. प्रत्येक जण आपापल्या हिमतीवर लढला, कारण दुसऱ्या कोणाच्या हिमतीवर लढायची सोयच नव्हती. ह्याला मी स्वायत्तता म्हटलं. तुम्ही त्याला नाइलाज म्हटलं असतंत तर मी लगेच मान्य केलं असतं. ‘जहागीर’ मात्र पटत नाही.

आणि सरंजामाचा दाखला तर इथे उलटाच पडतो. आपल्याकडे सरंजाम पुढे घराण्यात राहिला, बापामागे मुलगा आला. सहा विलायांत साडेसात वर्षांत एकही मुलगा बापाच्या जागी बसलेला नाही.

मग मी रचनेचं कौतुक कशासाठी केलं? माझी कसोटी साधी आहे: म्होरक्या पडला, दुसऱ्या दिवशी काय होतं? दोन नंबरच्या विलायेत बघा. दीदूशमागे झिगूद यूसेफ आला. व्यवसायाने लोहार. पुढे २० ऑगस्ट १९५५ ला त्याने फिलिपव्हिलच्या पट्ट्यात हल्ले केले. शेजारच्या ऑरेसवर फ्रेंचांचा फास आवळला होता, तो सैल व्हावा हा त्यामागचा एक हेतू होता. हे हल्ले मी झाकत नाही. १२३ माणसं मारली गेली, त्यात ७१ युरोपीय, बायका-मुलंही. त्याचा फ्रेंच सूड तर कित्येक पटींनी मोठा: त्यांच्याच हिशेबाने १,२७३, लढा चालवणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या हिशेबाने १२ हजार. पण ‘संकटात कोणी कोणाला हात दिला नाही’ हे तुमचं सरसकट विधान इथेच अडतं. सप्टेंबर १९५६ मध्ये झिगूद पडला. मग लखदर बेन तोबाल, त्यानंतर अली काफी, मग सालाह बूबनिदर. खुर्चीसाठी रक्त न सांडता पाच माणसं एकामागून एक.

आता शेजारची एक नंबरची विलाया, ऑरेस. सुरुवात सगळ्यांत जोरदार इथेच झाली होती. बेन बुलाईदची पिठाची गिरणी होती, अरीस ते बात्ना अशी बस चालायची, सगळ्या टोळ्यांत त्याचा शब्द चाले. तो तुरुंगात गेल्यावर त्याच्या जागी बसलेल्या शिहानी बशीरला आपल्याच सहकाऱ्यांनी मारलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये बेन बुलाईद कॉन्स्टंटाइनच्या तुरुंगातून भुयार खणून पळाला, परत डोंगरात आला, आणि मार्च १९५६ मध्ये स्फोटकं भरलेल्या रेडिओच्या संचाने त्याचा जीव घेतला. त्यानंतर ऑरेस कित्येक वर्षं सावरलं नाही. सूमामच्या बैठकीलाही तिथून धड प्रतिनिधी पोचले नाहीत.

आराखडा एकच, वर्षं तीच, मधली सीमा डोंगराची एक धार. निकाल मात्र असे दोन टोकांचे. म्हणून माझ्या लेखातली चूक कुठे आहे ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे मला दिसलं, फक्त तुम्ही दाखवलीत तिथे नाही. मी आराखड्याला श्रेय दिलं. खरं श्रेय दोन नंबरच्या विलायेतल्या त्या सवयीला आहे, जिथे प्रमुखाचं वजन एकट्याच्या नावावर उभं नव्हतं. ऑरेसमध्ये सगळं बेन बुलाईदवर टांगलेलं होतं. खुंटी निघाली आणि सगळं खाली आलं.

सूमामला आघाडीचा राजकीय नेता आबान रमदान आणि बेन म्हिदीने हीच सवय नियमात बांधायचा प्रयत्न केला. विलायेचा प्रमुख कर्नल, पण त्याच्या बरोबरीने तीन मेजर: एक राजकारणाचा, एक लढाईचा, एक संपर्क आणि हेरगिरीचा. निर्णय मंडळाचा. कर्नलच्या वर हुद्दाच नाही, कोणी जनरल नाही. आणि दोन तत्त्वं: राजकारण लष्कराच्या वर, आतले बाहेरच्यांच्या वर. आघाडीचा कैरोत बसलेला नेता बेन बेल्ला, त्याला दुसरं तत्त्व अर्थातच झोंबलं. पहिलं कर्नलांना झोंबलं, आणि ते जास्त महागात पडलं.

इथे मी तुमच्या बाजूला येतो. १९५८ मध्ये तीन नंबरच्या विलायेत, म्हणजे कबीलीत, कर्नल अमिरूशने जे केलं त्याला दुसरा शब्द नाही. फ्रेंच हेरखात्यातल्या कॅप्टन लेजेने फितुरीच्या खोट्या चिठ्ठ्या आणि खोटी नावं पेरली, अमिरूशचा त्यावर विश्वास बसला. छळ करून कबुल्या घ्यायच्या, कबुलीत नवी नावं निघायची, त्यांचा छळ. मारले गेले त्यांत पुष्कळसे मे १९५६ च्या विद्यार्थी संपानंतर वर्ग सोडून डोंगरात आलेले शिकलेले पोरगे होते. आकड्यावर अजून वाद आहे, पण तो शेकड्यांच्या खाली कोणी नेत नाही. मेजरांचं मंडळ होतं ना? होतं. त्याने थांबवलं नाही. वरून थांबवणारं कोणी तिथे नव्हतं. आघाडीची मध्यवर्ती समिती १९५७ च्या सुरुवातीला अल्जिअर्समधून निसटून देशाबाहेर गेली होती, बेन म्हिदीला पकडून फ्रेंच कोठडीत मारलं होतं. हे सगळं मूळ लेखात मी एका ओळीत उरकलं. तेवढ्यावर भागवायला नको होतं.

पण तुमचा शेवटचा मुद्दा, बूमेदियनच्या शिस्तशीर फौजेचा, तो मला मुळीच मान्य नाही, आणि ह्या उत्तराचा खटाटोप मुख्यतः त्यासाठी आहे. बूमेदियन आला कुठून? पाच नंबरच्या विलायेतून. बेन म्हिदीनंतर तिचा प्रमुख अब्देलहफीद बूसूफ, आणि बूसूफनंतर बूमेदियन. ह्या विलायेचं ठाणं मोरोक्कोत, सीमेला लागून असलेल्या उज्दा गावी होतं. तिथे बूसूफने वायरलेस, हेरगिरी, फायली असं सगळं उभं केलं. सप्टेंबर १९५७ मध्ये ट्युनिशियाच्या सीमेवर फ्रेंचांची मोरीस रेषा तयार झाली: विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा, सुरुंग, गस्त, शेकडो किलोमीटर. १९५८ च्या पहिल्या महिन्यांत ती ओलांडताना बाहेरून येणाऱ्या तुकड्यांची कत्तल झाली. त्यानंतर बाहेरचं सैन्य बाहेरच वाढत गेलं, आणि आतल्या विलायांना काडतुसं पोचेनाशी झाली. १९५९ मध्ये फ्रेंच जनरल शालने ओरानपासून सुरुवात करून एकेक डोंगर विंचरला. कतीबा मोडून पाच-दहा जणांच्या टोळ्या कराव्या लागल्या. जानेवारी १९६० मध्ये बूमेदियन सगळ्या मुक्तिसेनेचा सेनाप्रमुख झाला, मुक्काम ट्युनिशियातलं गार्दिमाऊ. त्याच्या फौजेत शिस्त होती, खरं आहे. रोज कवायत करायला वेळ होता.

बूमेदियननंतर त्याच पाच नंबरच्या विलायेचा प्रमुख झालेला कर्नल लुत्फी मात्र बाहेर बसला नाही. तो आत यायला निघाला आणि मार्च १९६० मध्ये बशारजवळ मारला गेला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा.

सांगायचं असं की ज्या फौजेला तुम्ही जहागिऱ्यांवरचा उतारा समजता, ती त्यातलीच एक होती. मुलूख नसलेली, म्हणून गमावण्यासारखंही काही नसलेली. आबान रमदानला डिसेंबर १९५७ मध्ये मोरोक्कोत बोलावून गळा दाबून मारलं, ते डोंगरातल्या कोणा कर्नलने नाही. डोंगर सोडून समितीत बसलेल्या कर्नलांनी, आणि त्यात बूसूफचा हात सगळ्यांत उघड आहे. आघाडीच्या मुखपत्राने पुढे छापलं की तो रणांगणावर पडला.

आतल्यांना हे कळत होतं. डिसेंबर १९५८ मध्ये एक, तीन, चार आणि सहा नंबरच्या विलायांचे कर्नल एकत्र बसले. दोनचा अली काफी आला नाही. हा तुमच्या बाजूचा पुरावा, घ्या. बाहेरच्यांना जाब विचारायला तीनचा अमिरूश आणि सहाचा सी हवास ट्युनिसकडे निघाले, आणि मार्च १९५९ मध्ये दोघेही एकाच चकमकीत वाटेत मारले गेले. चार नंबरच्या विलायेने मग वेगळाच रस्ता धरला. शस्त्रं मागून थकलेला सी सालाह दोन साथीदारांसह जून १९६० मध्ये गुपचूप पॅरिसला जाऊन थेट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल ह्यांना भेटला. त्या तिघांपैकी स्वातंत्र्य बघायला एकही उरला नाही. एकाला आपल्याच माणसांनी संपवलं, बाकीचे दोघे फ्रेंचांकडून.

१९६२ च्या उन्हाळ्यात फ्रेंच गेले आणि तीस हजारांच्या घरातली ताजी फौज सीमा ओलांडून आली. तीन आणि चार नंबरच्या विलाया आडव्या आल्या. एक, पाच आणि सहा बेन बेल्ला-बूमेदियनच्या बाजूला होत्या. म्हणजे ‘विलाया विरुद्ध सैन्य’ अशी सरळ रेघ तिथेही ओढता येत नाही. लोक दोन्हींच्या मध्ये रस्त्यावर उतरले आणि ओरडले, ‘सब्आ स्नीन, बरकात!’ सात वर्षं झाली, आता पुरे. (आमच्याकडे बरकत म्हणजे भरभराट, तिकडच्या बोलीत ‘बास करा’.) तरी शेकडो माणसं मेलीच. ९ सप्टेंबरला बूमेदियनची फौज अल्जिअर्समध्ये शिरली.

तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सहा नंबरच्या कर्नल शाबानीला १९६४ मध्ये त्यांनीच गोळ्या घातल्या, जेमतेम तिशीचा होता. एक नंबरचा ताहर झबिरी सरसेनापती झाला आणि १९६७ मध्ये बंड करून पळाला. अमिरूश आणि सी हवासचे मृतदेह कुठे आहेत हे सरकारला ठाऊक होतं, तरी दोघांची हाडं वीसेक वर्षं एका पोलिसी ठाण्यात पडून होती. बूमेदियन गेल्यावर, १९८० नंतरच्या दशकात, ती बाहेर काढून रीतसर पुरली. मेलेल्या दोन कर्नलांना इतकी वर्षं दडवून ठेवावं लागलं. ते नुसते जहागीरदार असते तर कशाला?

सहा नंबरच्या विलायेवर, वाळवंटातल्या लढाईवर, स्वतंत्र लिहा असं तुम्ही सुचवलंय. लिहितो. तोवर ऑरेसबद्दल तुमच्याकडे अजून काही वाचलेलं असेल तर जरूर कळवा, तिथे माझी बाजू अजून लंगडी आहे.