लाल दिव्याने मधुमेहाची जखम भरत नाही

‘कुठल्याही लाल दिव्याखाली रोज 20 मिनिटं बसा. मधुमेहाची जखम भरते, कर्करोग बरा होतो, अपाय शून्य. शोध नासाचा.’ असा मेसेज सध्या फिरतोय.

शोध नासाचा नाही. 1967च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांची त्वचा भादरून तिच्यावर रुबी लेझरचा लाल प्रकाश सोडला, तर तिथले केस लवकर उगवले. नासाच्या मदतीने एलईडीवर काम झालं ते बरंच नंतर, तेही आधी रोपं वाढवण्यासाठी.

‘कुठलाही दिवा’ मुळीच चालत नाही. शेकाचा लाल दिवा मुख्यतः उष्णता देतो. प्रकाशाच्या उपचाराला ठरावीक तरंगलांबी लागते, साधारण 630 ते 680 किंवा 800 ते 900 नॅनोमीटर, आणि मोजून दिलेली मात्रा. हिशेब सोपा आहे: दर चौरस सेंटिमीटरला 50 मिलिवॉट मिळत असतील तर तेवढ्या जागेवर 4 जूल ऊर्जा पडायला 80 सेकंद पुरतात. त्याच दिव्याखाली 20 मिनिटं बसलात तर 60 जूल होतात. मात्रा फार वाढली की परिणाम उतरतो, कधी उलटतोही. म्हणून ‘जास्त वेळ, जास्त फायदा’ हे इथे साफ चूक आहे.

कर्करोगाचा दावा सर्वांत घातक, कारण त्यात एका खऱ्या गोष्टीचा विपर्यास आहे. डोक्या-मानेच्या कर्करोगात रेडिएशनमुळे तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही. ते टाळण्यासाठी हा प्रकाश खरोखर उपयोगी पडतो. 2020च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आहे. मणिपालच्या अभ्यासात 632.8 नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर वापरला होता: 24 मिलिवॉट, प्रत्येक बिंदूला 3 जूल, म्हणजे 125 सेकंद, आठवड्यातून पाच दिवस. यात आराम पडतो तो तोंडाला; गाठ विरघळत नाही. उलट गाठीवर थेट प्रकाश पडू नये याची काळजी घेतात.

‘अपाय शून्य’ म्हणणाऱ्यांनी मधुमेहाने बधिर झालेला पाय डोळ्यांसमोर आणावा. शेकाच्या दिव्याखाली तो भाजला तरी कळत नाही, आणि बरी होत आलेली जखम पुन्हा चिघळते. लेझर असेल तर डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा हवाच. मधुमेही पायाच्या जखमेसाठी 2023च्या आंतरराष्ट्रीय सूचना प्रकाशासारखे भौतिक उपचार वापरू नका, असंच सुचवतात.

तिथे करायचं ते हे: जखमेवरचा भार काढा, मृत भाग डॉक्टरांकडून साफ करून घ्या, जंतुसंसर्ग आणि रक्तप्रवाह तपासा, साखर आटोक्यात आणा. वास येऊ लागला, बोट काळं पडलं किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.