पाणकावळ्याच्या पोटातले मासे आणि चुकलेला हिशेब

पाणकावळ्यांविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा पक्षी रोज स्वतःच्या वजनाइतके मासे फस्त करतो, तो मूळचा चीनचा, बाकी सगळीकडे घुसखोर, त्याच्या विष्ठेनं झाडं जळतात, माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून दिसेल तिथे मारा, मासे आपोआप वाढतील. रिकामं जाळं ओढून काढणाऱ्या माणसाचा संताप मला कळतो. पण या मजकुरातली बहुतेक विधानं खोटी आहेत, आणि त्यांच्या जोरावर हजारो पक्ष्यांवर गोळ्या झाडल्याही गेल्या आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी भुकेचा. मोठा पाणकावळा भरतो दोन ते तीन किलो. त्याचा रोजचा आहार सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे वजनाचा साधारण पाचवा हिस्सा. घरट्यात पिल्लं असली की तो वाढतो, पण वजनाइतका कधीच होत नाही. हे अंदाजानं ठोकून दिलेलं नाही. पाणकावळा न पचलेली हाडं आणि खवले यांचा चिकट गोळा ओकून टाकतो, बहुधा दिवसाला एक. त्या गोळ्यात माशांच्या कानातले चुन्याचे बारीक खडे सापडतात. प्रत्येक जातीच्या माशाचा खडा वेगळ्या घडणीचा, आणि मासा जितका मोठा तितका खडाही मोठा. घरट्यांच्या वसाहतीखाली असे गोळे वेचून अभ्यासकांनी वर्षानुवर्षं हिशेब ठेवले आहेत. म्हणजे या पक्ष्याच्या ताटात काय होतं, ते त्यानंच मागे ठेवलेलं असतं.

आणि ताटात बहुतेक वेळा असतात ते बोटभर ते वीतभर लांबीचे मासे, त्या पाण्यात जे सर्वात मुबलक आणि धरायला सर्वात सोपे. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत गोबी नावाचा परका मासा जहाजांबरोबर शिरला आणि बेसुमार वाढला. काही वर्षांतच तिथल्या अनेक वसाहतींत पाणकावळ्यांचं मुख्य खाद्य तोच होऊन बसला.

इथे मजकुरातली दुसरी गफलत येते. पक्ष्यानं खाल्लेला प्रत्येक मासा जाळ्यातून गेला, असं धरून बेरीज केलेली असते. पण छोट्या माशांपैकी बहुतेकांना मोठे मासे, रोग किंवा उपासमार गाठतेच. पाणकावळ्यानं उचललेला मासा एरवी मोठा होऊन आपल्याच टोपलीत पडला असता, हे दाखवल्याशिवाय नुकसानीचा आकडा सांगता येत नाही. कुठे कुठे ते दाखवताही येतं. मत्स्यशेतीच्या तळ्यात दाटीनं सोडलेले मासे असतात, त्यांना पळायला जागा नसते, आणि तिथे पाणकावळ्यांचा थवा उतरला तर मालकाचं नुकसान खरंखुरं असतं. ते मी नाकारत नाही. मात्र एका तळ्याचा अनुभव अख्ख्या समुद्राला लावता येत नाही.

‘चिनी घुसखोर’ हा आरोप विशेषतः युरोपात जोरात आहे, आणि त्याचं मूळ निव्वळ नावात आहे. युरोपच्या आतल्या भागातल्या तळ्या-नद्यांवर वीण करणाऱ्या उपजातीचं शास्त्रीय नाव ‘सायनेन्सिस’, म्हणजे चीनचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचं वर्णन चीनमधल्या पक्ष्यावरून झालं म्हणून हे नाव पडलं. पक्षी तिथून आला असा त्याचा अर्थ नाही. युरोपातल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांतही पाणकावळ्याची हाडं मिळालेली आहेत. (नावावर जायचं तर मराठीत आपण त्याला कावळाही म्हणतो, आणि कावळ्याशी त्याचं कसलंच नातं नाही.)

मग ‘आमच्या लहानपणी हे नव्हते’ असं म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांनी खरंच पाहिले नसतील, कारण तेव्हा ते मारून संपवत आणलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोळ्या घालून, घरटी मोडून, अंडी फोडून वायव्य युरोपात काही हजार जोड्याच उरल्या होत्या. अमेरिकेत त्यात डीडीटी या कीटकनाशकाची भर पडली. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानंच ती फुटत. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि त्याच वर्षी पाणकावळ्याला स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण मिळालं. युरोपात १९७९ च्या ‘पक्षी-निर्देश’ या सामायिक कायद्यानं तेच केलं. त्यानंतर संख्या झपाट्यानं वाढली, हे खरं. पण तळाला गेलेल्या आकड्याला ‘मूळ’ धरलं, तर परतणारा प्रत्येक जीव घुसखोरच वाटणार.

झाडांचा मुद्दा बरोबर आहे. एका झाडावर वर्षानुवर्षं दाटीनं घरटी असली, तर विष्ठेतल्या क्षारांनी आणि घरट्यांसाठी मोडलेल्या फांद्यांनी ते झाड मरतं. एखाद्या बेटावर दुर्मीळ झाडं असतील, तर तिथली घरटी हलवण्याचा विचार जरूर व्हावा.

आणि ‘काडीचा उपयोग नाही’? जपानात गिफू इथल्या नागारा नदीवर पाणकावळ्यांकरवी मासेमारीची ‘उकाई’ परंपरा तेराशे वर्षांची मानली जाते. रात्री होडीच्या टोकाला जळत्या लाकडांची टोपली, उस्तादाच्या मुठीत अनेक दोऱ्या, प्रत्येक दोरीला एक पक्षी. गळ्याची दोरी अशी बांधलेली की छोटा मासा पोटात जावा, मोठा अडकावा. चीनमध्येही ही पद्धत शतकानुशतकं चालत आली. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं तर पाणकावळे सांभाळायला खास माणूस नेमला होता.

पेरू देशाची गोष्ट त्याहून मोठी. तिथल्या बेटांवर गुआनाय जातीच्या पाणकावळ्यांची आणि सोबतच्या पक्ष्यांची विष्ठा थरावर थर साचली होती. इंका राजवटीत विणीच्या काळात या पक्ष्यांना मारणाऱ्याला देहदंड होता, असं जुन्या नोंदी सांगतात. एकोणिसाव्या शतकात हेच खत जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेत गेलं, पेरूचा खजिना त्यावर चालला, आणि १८६४ मध्ये स्पेननं पेरूची ‘चिंचा’ नावाची बेटं बळकावली ती याच खतासाठी. या पक्ष्यांचं खाणं म्हणजे अँचोव्हेटा मासा. माणसानं खाद्यपेंडीसाठी तोच अफाट उपसला. १९७० मध्ये एकट्या पेरूनं एक कोटी टनांहून अधिक काढला. १९७२ च्या एल निनोत मासा कोसळला. १९५० च्या दशकात तिथे दोन कोटींहून अधिक खत-पक्षी होते, पुन्हा ते तेवढे कधीच झाले नाहीत. कुणी कुणाचे मासे पळवले, हे विचारायचं असेल तर आधी इथे विचारावं.

शेवटी ‘मारा, मासे वाढतील’. हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड बेटावर पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत होती. समुद्राकडे निघालेली सामन माशाची पिल्लं वाचवायची म्हणून अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागानं २०१५ पासून पक्ष्यांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. अंड्यांवर तेल फवारलं, म्हणजे ती उबू नयेत. या मोहिमेत एकूण पाच हजारांहून अधिक पक्षी मारले गेले, आणि ती चालू असतानाच २०१६ च्या मे महिन्यात उरलेल्यांनी वसाहत एकदम सोडली. त्यातले हजारो नदीत आणखी आत, अॅस्टोरिया-मेगलर पुलावर जाऊन घरटी करू लागले. मुखाशी असताना त्यांना समुद्रातले मासे मुबलक मिळत, त्यामुळे सामनच्या पिल्लांवरचा भार वाटला जाई. पुलाजवळ ते मासे कमी, म्हणून तिथला प्रत्येक पक्षी आधीपेक्षा जास्त सामन खाऊ लागला. वर पुलाचा रंग आणि लोखंड विष्ठेनं खराब होऊ लागलं ते वेगळंच. आणि ज्या धरणांनी त्या नदीतल्या सामनची वाट आधीच अडवली, ती जागच्या जागी उभी आहेत.

तळ्याच्या मालकानं काय करावं, याची उत्तरं गोळीहून साधी आहेत आणि वापरात आहेत: लहान तळ्यांवर जाळी, मोठ्यांवर आडव्या ताणलेल्या तारा, थवे येण्याच्या काळात माणसाचा राबता, पिल्लं सोडण्याची वेळ थोडी मागेपुढे, आणि पाण्यात बुडवलेले पिंजरे, ज्यांत मासा शिरतो पण पाणकावळ्याला शिरता येत नाही.