"जुन्या गोळ्यांचं गुपित डॉक्टर लपवतात" वाल्या मेसेजबद्दल

सध्या एक मेसेज फिरतोय की जुन्या स्वस्त गोळ्यांनी मोठे आजार बरे होतात, पण डॉक्टरांना ते माहीत नाही किंवा माहीत असून लपवतात. तसं नाहीये. एका आजाराचं औषध दुसऱ्याला वापरणं डॉक्टर लोक कधीपासून आणि अगदी उघडपणे करतायत. मिनॉक्सिडिल मूळचं बीपीचं, आता केसांसाठी लावतात. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली म्हणून 1961 ला ते बाजारातून काढायला लागलं, आणि तेच औषध अमेरिकेत 1998 ला कुष्ठरोगातल्या एका त्रासासाठी आणि 2006 ला मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, अर्थात नियम फार कडक ठेवून.

मग डॉक्टर लगेच हो का म्हणत नाहीत? कोविड आठवा. ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमध्ये (म्हणजे पेशंटवर केलेल्या औषधाच्या चाचणीत) 2020 ला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही, आणि ज्याचा तेव्हा केवढा गाजावाजा होता त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा त्याच ट्रायलमध्ये उपयोग झाला नाही. दोन्ही जुनी, दोन्ही स्वस्त! कुठलं चालेल हे आधी कळत नाही, तपासावंच लागतं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे, पेटंट संपलेल्या (म्हणजे कुठलीही कंपनी बनवू शकते अशा) औषधाच्या ट्रायलवर पैसे घालायला कंपन्या सहसा उत्सुक नसतात. पण म्हणून डॉक्टर लपवतात असं होत नाही ना.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि त्यातला डोस वाचून कोणी चालू औषधं बंद करत असेल तर त्यांना आधी डॉक्टरांशी बोलायला सांगा.