ट्रेसीचा रिकामा तुरुंग आणि आधारवाडीची रांग

कॅलिफोर्नियातील ट्रेसी गावाबाहेर ड्यूएल नावाचा जुना तुरुंग आहे. 2021 साली तो बंद झाला. मी याच भागात राहतो. तिथून जाताना मला हटकून कल्याणची आधारवाडी आठवते. शाळेत असताना तिथल्या तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुलाखतीला आलेल्या बायकांची रांग रोज दिसे. कडेवर पोर, हातात कपड्यांची पिशवी आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी. त्या तुरुंगाची क्षमता साडेपाचशेच्या आसपास सांगितली जाते आणि आत कैदी तिच्या कितीतरी पट असतात. त्यामुळे ‘नवे तुरुंग बांधा, तरतूद वाढवा’ हा आपल्याकडच्या चर्चेतला आग्रह मला समजतो, पण इथे राहून तो जसाच्या तसा पटत नाही.

कॅलिफोर्नियानेही आधी बांधकामाचाच मार्ग धरला होता. 1980 नंतर तुरुंगांमागून तुरुंग उभे राहिले, तरीही 2006 साली 1 लाख 73 हजारांच्या घरात गेलेले कैदी व्यायामशाळांत तीनमजली खाटा टाकून झोपवावे लागले. अखेर 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. पुढे गर्दी हटली ती मुख्यतः शिक्षेचे कायदे बदलल्यामुळे आणि किरकोळ गुन्ह्यांतले लोक राज्याच्या तुरुंगात येईनासे झाल्यामुळे. आज कैदी जवळपास निम्मे आहेत. आपल्याकडे तर देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे न्यायाधीन, म्हणजे अजून दोष सिद्ध न झालेले आहेत, आणि त्यांतले कित्येक जण जामीन मंजूर होऊनही हमीची रक्कम भरता येत नाही म्हणून आत आहेत. अशा माणसासाठी नवी बराक बांधणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो.

मात्र इथला हिशेब काटकसरीचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. कैदी निम्मे झाले तरी तुरुंग विभागाचा खर्च घटला नाही, तो वर्षाला 1,400 कोटी डॉलरच्या आसपास गेला, कारण पहारेकऱ्यांचे पगार, वैद्यकीय सेवा आणि जुन्या इमारतींची डागडुजी हा खर्च कैदी घटले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. खाटा रिकाम्या झाल्याने फारसे वाचत नाही, अख्खा तुरुंग बंद केला तरच वाचते. एकट्या ड्यूएलमुळे वर्षाला सुमारे 15 कोटी डॉलर वाचतील, असा सरकारचा अंदाज होता. पण तुरुंग बंद करायचा म्हटले की त्याच्यावर जगणारे गाव आणि कर्मचाऱ्यांची संघटना दोन्ही उभी राहतात.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथल्या राज्यपालांना, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखांना, 10 जानेवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडावा लागतो, विधिमंडळाने तो 15 जूनपर्यंत मंजूर केला नाही तर आमदारांचे त्या दिवसांचे वेतन बुडते, आणि मधल्या पाच महिन्यांत विधिमंडळाचे स्वतःचे विश्लेषक कार्यालय एकेका मागणीची जाहीर चिरफाड करते. 1941 पासून चालत आलेले हे कार्यालय सत्ताधाऱ्यांचे नाही आणि विरोधकांचेही नाही. सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या नूतनीकरणासाठी राज्यपालांनी 2023 साली 36 कोटी डॉलर मागितले, तेव्हा आराखडा तयार नसताना पैसे कशाला, असा प्रश्न या कार्यालयाने लेखी विचारला. पुढे तो आकडा बराच खाली आला. अर्थात सॅक्रामेंटो या राजधानीत आमदारांच्या स्वतःच्या कार्यालयांची इमारत पाडून नवी बांधताना खर्च 100 कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि काम करणाऱ्यांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतले गेले, तेव्हा हीच पारदर्शकता कुठे गेली होती, हे मला अजून कळलेले नाही. मुंबईतील मनोरा आमदार निवासाच्या बांधकामखर्चाचे वाढते अंदाज आणि निवासाऐवजी आमदारांना मिळणारे महिन्याचे लाखभर रुपये भाडे पाहिले की या बाबतीत दोन्ही विधानभवने सख्खी भावंडे वाटतात.

शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी 2025 च्या जूनमध्ये भूसंपादनासाठी 20 हजार कोटींहून अधिक रकमेला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा वित्त विभागाने कर्जाच्या बोज्याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे आपल्याकडेही नेमका प्रश्न विचारणारे अधिकारी आहेत. फक्त त्यांचे म्हणणे टिपणीत राहते आणि आपल्यापर्यंत बातमी फुटली तरच पोचते. मार्चमध्ये अर्थसंकल्प झाला की पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. 2024 च्या जुलैत त्या 94 हजार कोटींच्या पुढे होत्या. एवढ्या रकमेवर विधानसभेत किती तास चर्चा होते, हे ज्याचे त्याने कामकाज पाहून ठरवावे.

याचा खालच्या टोकाला काय अर्थ होतो, ते माझ्या मेहुण्याकडून कळते. तो सरकारी इमारतींची दुरुस्तीची कामे घेतो. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, अर्थसंकल्पात त्यापुढे टोकन, म्हणजे नाममात्र, तरतूद पडते, काम पूर्ण होते आणि बिल पडून राहते. गेल्या दिवाळीत फोनवर मी विचारले, तर म्हणाला, “भावजी, गिलावा सुकला, रंग झाला, आता रंगाचे पोपडे निघायला लागलेत. पैसे मार्चएंडला बघू म्हणतात.”

“कुठल्या मार्चच्या?” मी विचारले.

“ते नाही सांगितलं,” तो म्हणाला.