अधूनमधून असा ऑप्शन नाही

सोमवारी रात्री घरचं इंटरनेट गेलं. मग आलं. मग पुन्हा गेलं, आणि आता ते काही येत नाही असं मानून मी तक्रारीचा नंबर फिरवला, तेव्हा आलं. बावीस मिनिटं बासरी ऐकली (तीही मधेमधे तुटत होती), मग एक मुलगा लाइनवर आला. आवाजावरून विशीतला, आणि इतका नम्र की भांडायची सोयच ठेवली नव्हती.

"मॅडम, नेट बंद आहे का?"

"आत्ता चालू आहे. अधूनमधून जातं."

"अधूनमधून असा ऑप्शन नाही, मॅडम."

त्याच्या पडद्यावर पाच पर्याय होते. कंटिन्युअस, पिरिऑडिक, इंटरमिटंट, स्पोरॅडिक आणि ऑकेजनल. त्यातला एक टिचकवल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कधीमधी, मधूनच, लहर लागली की, एवढ्या शब्दांवर मी आजवर निभावून नेलंय. कोणी अडवलं नव्हतं.

"रोज जातं का, मॅडम?"

"जवळजवळ रोज. नऊच्या सुमाराला."

"मग पिरिऑडिक." कीबोर्डचा आवाज आला आणि थांबला. "पण पिरिऑडिकला तक्रार घेत नाही. ते मेंटेनन्समध्ये धरतात."

म्हणजे चोर रोज ठरल्या वेळी आला तर तो चोर नाही, वॉचमन.

"नऊलाच असं नाही हो. परवा दुपारी गेलं होतं. रविवारी गेलंच नाही."

"मग ऑकेजनल टाकू? घरात काही ऑकेजन असलं की जातं का?"

"म्हणजे?"

"वाढदिवस वगैरे."

तो चेष्टा करत नव्हता, हेच वाईट. त्याहून वाईट म्हणजे मी खरंच आठवायला लागले. मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता तेव्हा गेलं होतं. माझं सादरीकरण होतं तेव्हाही. बिचाऱ्याचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणा. प्रसंगासाठी लिहिलेल्या कवितेला इंग्रजीत ऑकेजनल पोएम म्हणतात, आणि कधीतरी येणाऱ्या सरीलाही ऑकेजनलच. आपण निदान नैमित्तिक वेगळं आणि क्वचित वेगळं ठेवलंय. त्यांनी दोन्ही एकाच डब्यात कोंबलं आणि झाकण लावायला मला बसवलं.

"इंटरमिटंट टाका," मी म्हटलं. हा शब्द मला येतो असं वाटत होतं.

"इंटरमिटंटला लाइनमन येतो. पण तो येईल तेव्हा नेट बंद पाहिजे. चालू दिसलं तर तो तक्रार क्लोज करतो."

"अहो, पण ते अधूनमधून जातं, हीच तर तक्रार आहे!"

"हो मॅडम, म्हणूनच इंटरमिटंट."

यावर काय बोलणार? फोन ठेवल्यावर मी चिडून शब्दकोश काढला. इंटरमिटंटच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ मधे सोडून देणं, खंड पाडणं. खंड कसा पाडायचा यावर बंधन नाही. मलेरियाचा ताप इंटरमिटंट, पण त्यातला एक प्रकार अगदी 48 तासांनी परत येतो. इंटरमिटंट फास्टिंगवाले 16 तास उपाशी राहतात आणि उरलेल्या 8 तासांत घड्याळाकडे बघत जेवतात, वर तुम्हाला त्याबद्दल सांगतात. ब्लू मूनचंही तेच. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे जवळजवळ कधीच नाही असं आपण समजायचं, आणि ब्लू मून, म्हणजे महिन्यातली दुसरी पौर्णिमा, येते साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी. त्यातही 'महिन्यातली दुसरी' ही व्याख्याच 1946 साली स्काय अँड टेलिस्कोप मासिकात चुकून छापली गेली. 1999 मध्ये त्यांनी चूक कबूल केली. त्रेपन्न वर्षांनी! माझ्या कंपनीपेक्षा बरे म्हणायचे, निदान कबूल तरी केली.

तर फोनवर उरला होता स्पोरॅडिक.

"त्याला काय होतं?"

"स्पोरॅडिकला व्हिजिट नाही, मॅडम. ऑब्झर्व्हेशन असतं."

"कोण करतं ऑब्झर्व्हेशन?"

"तुम्ही."

किती वाजता गेलं, किती वाजता आलं, मोडेमचा दिवा लाल होता की नुसता लुकलुकत होता, हे सगळं मी लिहून ठेवायचं आणि त्यांच्या अ‍ॅपवर भरायचं. अ‍ॅप नेटवर चालतं. हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाला, "नेट आल्यावर भरा ना." स्पोरॅडिकचा ग्रीक धातू पेरण्याचा आहे, एजियन समुद्रात विखुरलेली बेटं आहेत, त्यांना स्पोरॅडीस म्हणतात. मराठीतला तुरळक त्याच्या बराच जवळ जातो. पण तुरळक म्हटलं की निदान कुठेतरी दोन थेंब पडल्यासारखे वाटतात. इथे पैसे पूर्ण महिन्याचे जातात आणि नेट मात्र पेरल्यासारखं. बिलाच्या बाबतीत कंपनीला कुठलाच पर्याय निवडावा लागत नाही. ते कंटिन्युअस असतं.

शेवटी मी स्पोरॅडिकला होकार दिला. हरल्यासारखंच वाटलं. मुलगा मात्र खूश झाला. "थँक यू मॅडम, फॉलोअपचा कॉल बायवीकली येईल."

"म्हणजे आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा?"

लाइनवर शांतता. पहिल्यांदाच तो गडबडला. "एक मिनिट होल्ड करा," म्हणाला, आणि बासरी सुरू झाली ती फोन कटेपर्यंत.

शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेत, एकाखाली एक. आज गुरुवार. पहिला अर्थ धरला तर शनिवारपर्यंत दोन फोन यायला हवेत आणि मी आजपासून चिडायला मोकळी आहे. दुसरा धरला तर अजून अकरा दिवस मला तोंड उघडायचा हक्क नाही.