परदेशात चालतं म्हणे!

‘हे सगळं परदेशात चालतं हो, आपल्याकडे नको.’ गणपतीत आमच्या क्लबहाउसला वयात येणाऱ्या मुलांसाठी लैंगिक शिक्षणाचे फ्लेक्स लागले, आणि गेला आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य इतक्या जणांनी लिहिलंय की उत्तर इथेच देतो. ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिलं की ॲडमिन लगेच शुभ सकाळची फुलं टाकून विषय बदलतात.

तर, परदेशात चालत नाही. निदान कॅनडात तरी सहज चाललं नाही. २०१२ च्या मे महिन्यात ओटावाच्या सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात किशोरवयीन मुलांसाठी लैंगिकतेवरचं प्रदर्शन आलं. माँट्रियलच्या सायन्स सेंटरने बनवलेलं, १२ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आखलेलं. त्याआधी ते माँट्रियलला झालं, रिजायनाला झालं, कुठे आभाळ कोसळलं नाही. ओटावा पडली राजधानी. तिथे तक्रारी, मंत्र्यांच्या कार्यालयाची जाहीर नाराजी, करदात्यांचा अपमान झाल्याची भाषा, सगळं यथासांग पार पडलं. संग्रहालयाने मग मोठ्यांशिवाय येणाऱ्यांसाठी वयाची अट १२ वरून १६ वर नेली. आणि एक छोटी ॲनिमेशन फिल्म काढून टाकली. कशावरची? हस्तमैथुनावरची.

आता घोडबंदर रोडला या. (सोसायटीचं नाव लिहीत नाही, सेक्रेटरी काका फेसबुकवर असतात.) गणपतीत आमच्या क्लबहाउसला दरवर्षी कसलं ना कसलं प्रदर्शन असतं. किल्ले, नाणी, मुलांची चित्रं. यंदा बी विंगच्या डॉक्टर वहिनींनी ‘वयात येताना’ म्हणून फ्लेक्स लावले, तेही पदरमोड करून. शरीरातले बदल, मासिक पाळी, गुड टच-बॅड टच, मोबाइलवर फोटो मागणारे ‘मित्र’, पॉक्सो कायदा, १०९८ हा हेल्पलाइन नंबर. यातल्या एकाही फ्लेक्सवर कुणी हरकत घेतली नाही. दहा वर्षांपूर्वी घेतली असती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापुरात, शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला, लोक तासन् तास रुळांवर बसले, आणि त्यानंतर ‘गुड टच’ हा शब्द आजीसुद्धा न लाजता उच्चारायला लागली. हे चांगलंच झालं.

हरकत आली ती एकाच फ्लेक्सवर. मुलग्यांसाठीच्या. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. त्यावर काय होतं? झोपेत वीर्य बाहेर येणं हा आजार नाही. हस्तमैथुन बहुतेक मुलगे करतात, बऱ्याच मुलीही करतात. त्याने अशक्तपणा येत नाही, नजर कमी होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. ते खासगीत करायचं असतं, आणि अभ्यास, खेळ, झोप सोडून तेच होत असेल तर डॉक्टरांशी बोलावं. संपलं. चित्र म्हणाल तर चेहऱ्यावर पुळ्या आलेला एक मुलगा खिडकीत बसलाय, एवढंच. आरतीनंतर कुणीतरी तो फ्लेक्स उलटा करून भिंतीला टेकवला. दुसऱ्या दिवशी तो तिथेही नव्हता.

योगायोग म्हणावा तर तिसरी गोष्ट आहे, ती मुंबईचीच. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात गुन्हा होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं, आणि त्यात हस्तमैथुनाबद्दलचा प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील कसं ठरेल, आणि लोक विचारत असतील तर उत्तर का द्यायचं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, दंड झाला, आणि कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक काढतच राहिले.

म्हणजे मुंबई १९३४, ओटावा २०१२ आणि आमचं क्लबहाउस. पाळी चालते, एड्स चालतो, अत्याचार चालतो. कारण या सगळ्यात धोका आहे, आणि धोक्याची सूचना द्यायला आपल्याला हरकत नसते. ‘घाबरू नकोस, यात काही वाईट नाही’ एवढंच सांगणारा मजकूर आला की हात थरथरतात.

बरं, आमच्या मुलाने हा विषय फ्लेक्सवर पहिल्यांदा वाचला असता अशी कुणाची समजूत असेल, तर त्यांनी एकदा ठाण्याहून लोकल पकडावी. मुलगा आठवीत आहे, शनिवारी क्लासला डोंबिवलीला जातो. डब्यात दाराजवळ स्टिकर, स्टेशनच्या मुतारीत स्टिकर, रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेली अक्षरं. ‘बचपन की गलती’, धातू जाणे, कमजोरी, शर्तिया इलाज, खाली मोबाइल नंबर. हेच आमच्या मुलग्यांचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. प्रवेश सर्वांना खुला, वयाची अट नाही. असल्या इलाजांच्या जाहिरातींना १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, हे लक्षात घ्या. त्या स्टिकरविरुद्ध ग्रुपवर एक मेसेज? मी तरी पाहिला नाही.

आणि हे स्टिकर फुकट लागत नाहीत, त्यांना गिऱ्हाईक मिळतं. ‘वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली’ या भीतीने खंगलेली तरुण पोरं डॉक्टरांकडे येतात. थकवा, झोप नाही, छातीत धडधड. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. बहुतेकांच्या शरीरात बिघाड नसतो, असते ती भीती, आणि तिच्यावर कुणीतरी पुड्या विकतं. आमच्या वेळी डब्यात हेच होतं, फक्त मोबाइल नंबरच्या जागी लॉजचा पत्ता असायचा.

आता दोन हरकतींबद्दल, कारण त्या खोडसाळ नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या जोशी आजी म्हणाल्या, ‘अरे, गणपतीच्या समोर कशाला?’ मला त्यांचं पटतं. बाजूच्या खोलीत लावता आलं असतं. दुसरी हरकत पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आयांची. तीही रास्त. वयानुसार दोन भाग करा, मोठ्या मुलांचा भाग आईवडिलांसोबत दाखवा. ओटावाची वयाची अट मला थोडी जास्त वाटते (सोळाव्या वर्षापर्यंत मुलाची कामं उरकलेली असतात!), पण अट ही निदान चर्चेची गोष्ट आहे. फ्लेक्स पळवणं ही नाही.

आणि ‘यामुळे मुलं बिघडतात’ हे तर आता न्यायालयाने लिहूनच खोडलंय. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या अश्लील चित्रफितींबद्दलच्या निकालात लैंगिक शिक्षणाविषयीच्या गैरसमजांवर स्वतंत्र लिहिलं, सर्वांगीण लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला. आठवत नाही ना? त्याच संध्याकाळी बदलापूर प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गोळीने मेला आणि चॅनलवर दुसरं काही दिसेना. तसं पाहिलं तर शाळांवरही विसंबता येत नाही. किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये आपल्या राज्याने शाळांमध्ये थांबवला होता.

तर डॉक्टर वहिनींकडे फाइल आहे, फ्लेक्स पुन्हा छापला, पैसे मी दिले. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता आमच्या घरी, हॉलमध्ये लावतोय. आठवीपासून पुढची मुलं, सोबत आई किंवा बाबा, शक्यतो बाबा. वहिनी तासभर थांबतील. प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता लिहून आणा. फ्लॅट नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा. सेक्रेटरी काका, तुम्हीही या, पोहे केलेत.